मोठ्या क्लबचा प्रशिक्षक राष्ट्रीय संघाला मानवेल काय?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जुलै 2025 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने पुरुषांच्या राष्ट्रीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदासाठी अर्ज मागवले होते. आलेल्या 170 अर्जांत बार्सिलोनाचे माजी प्रशिक्षक झावी हर्नांडेझ यांचाही अर्ज असून केवळ खर्च परवडणार नाही म्हणून तो बाजूला ठेवावा लागला, अशी बातमी त्या वेळी सर्वत्र झळकली. पाठोपाठ महासंघाचा खुलासा आला की झावी आणि पेप ग्वार्डिओला या दोघांच्या नावाने आलेले ई-मेल खरे नव्हते. त्या दोन-तीन दिवसांत आमच्या माहीमच्या मैदानाबाहेर चहाच्या टपरीवर जी चर्चा चालली होती, ती मला अजून अस्वस्थ करते. अर्ज खोटा निघाला याची हळहळ सर्वांना होती, परंतु तो खरा असता तर आपला संघ सुधारला असता, याविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती. 18 नोव्हेंबर 2025 रोजी ढाक्यात बांगलादेशकडून आपण 0-1 असे हरलो तेव्हा पुन्हा तेच वाक्य कानावर आले: युरोपातल्या एखाद्या मोठ्या क्लबचा माणूस आणल्याशिवाय गत्यंतर नाही.

मी लहानपणी वडिलांबरोबर कूपरेजवर रोव्हर्स कपचे सामने पाहिले, तरुणपणी हार्वुड लीगमध्ये खेळलो आणि पुढे 26 वर्षे शाळकरी मुलांना फुटबॉल शिकवला. त्या अनुभवाच्या आधारे मला असे वाटते की क्लबचा प्रशिक्षक आणि राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक यांची पदनामे सारखी असली तरी त्यांची कामे निराळी आहेत. एखादा प्रशिक्षक किती थोर आहे, हा प्रश्न त्यामुळे अपुरा पडतो. रोजचा सराव आणि खेळाडू विकत घेण्याची मुभा या दोन गोष्टी काढून घेतल्यावर त्याच्या थोरपणातले त्याच्याजवळ काय उरते, हे विचारायला हवे.

आपण मुंबईकर क्रिकेटच्या सवयीने विचार करतो आणि तेथेच आपली पहिली गफलत होते. क्रिकेटमध्ये राष्ट्रीय संघ वर्षातील कितीतरी महिने एकत्र असतो, त्याच्या प्रमुख खेळाडूंशी मंडळाचा वार्षिक करार असतो आणि मालिका म्हटली की महिना-दीड महिना सर्वांचा मुक्काम बरोबरच पडतो. फुटबॉलमध्ये नेमके उलटे आहे. खेळाडूचा पगार, आहार, दुखापतीवरील उपचार आणि रोजचा सराव हे सारे क्लबच्या हाती असते. राष्ट्रीय महासंघ त्याला वर्षातून काही वेळा उसना घेतो. फिफाने ठरवून दिलेल्या तारखांच्या बाहेर खेळाडू सोडण्याचे बंधन क्लबांवर नाही. एका खेपेला साधारण नऊ-दहा दिवस मिळतात आणि त्यात दोन सामने असतात. पहिले दोन दिवस प्रवासात आणि दमलेल्या पायांना विश्रांती देण्यात जातात, सामन्याच्या आदल्या दिवशी जोरकस सराव घेता येत नाही, दोन सामन्यांमध्ये पुन्हा प्रवास असतो. म्हणजे नवे काही शिकवण्यासाठी खऱ्या अर्थाने हाती उरतात ती दोन-तीन सत्रे. 2026 पासून सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या दोन खेपा एकत्र करून 16 दिवसांची एकच खेप होत आहे, हा थोडा दिलासा आहे. परंतु त्या 16 दिवसांत सामनेही चार आहेत.

आता ग्वार्डिओला यांचेच उदाहरण घ्या, कारण स्वप्न त्यांचेच पाहिले जाते. बार्सिलोना, बायर्न म्युनिक आणि मँचेस्टर सिटी या तीन क्लबांबरोबर त्यांनी मिळून 12 लीग विजेतेपदे आणि चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा तीनदा जिंकली आहे. त्यांच्या संघात प्रत्येक खेळाडूने चेंडू कोठे आहे त्यानुसार दोन पावले कोणत्या बाजूला सरकायचे, हे इतक्या वेळा घोटलेले असते की मैदानावर त्याचा विचारही करावा लागत नाही. परंतु याच ग्वार्डिओला यांचा सिटीमधील 2016-17 चा पहिला मोसम आठवून पाहा. त्या वर्षी त्यांना एकही करंडक मिळाला नाही. गोलरक्षक चुकत होता, बगलेचे बचावपटू वयाने थकले होते आणि नवी पद्धत अंगवळणी पडलेली नव्हती. त्यांनी काय केले? वर्षभर रोज सराव घेतला आणि 2017 च्या उन्हाळ्यात गोलरक्षक एडरसन तसेच काइल वॉकर, बेंजामिन मेंडी आणि डॅनिलो हे बगलेचे बचावपटू विकत घेतले. पुढच्या मोसमात त्यांच्या संघाने 100 गुण मिळवून लीग जिंकली. हे यश निर्विवाद त्यांचेच आहे, आणि तरीही त्यामागे एक संपूर्ण वर्ष व भली मोठी रक्कम होती. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला ते वर्ष मिळत नाही आणि ती रक्कम असून उपयोगही नसतो, कारण डाव्या बगलेचा चांगला बचावपटू देशात नसेल तर तो बाजारातून आणता येत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात येणार कुठून?

हे मी पुस्तकी ज्ञानाने म्हणत नाही. आमच्या शाळेचा संघ मी ऑफसाइडच्या सापळ्यावर उभा केला होता. चारही बचावपटू एका हाकेसरशी पुढे सरकत आणि प्रतिस्पर्धी आघाडीवीर मागे अडकत. या पद्धतीने आम्ही तीन वर्षे सलग आंतरशालेय स्पर्धेत अंतिम फेरी गाठली आणि त्या नावलौकिकावर मला जिल्ह्याच्या 16 वर्षांखालील निवड संघाची जबाबदारी देण्यात आली. शिबिर चार दिवसांचे होते. आठ शाळांमधून आलेल्या मुलांना मी तोच सापळा शिकवू लागलो. मुले माझ्या शाळेतील मुलांपेक्षा गुणी होती, त्यांनी मन लावून ऐकले, आणि पहिल्याच सामन्यात दोघे पुढे सरकले, दोघे मागे राहिले आणि मधल्या मोकळ्या जागेतून आम्ही तीन गोल खाल्ले. दोष मुलांचा नव्हता. दररोज संध्याकाळी चार महिने जी तालीम माझ्या शाळेतील मुलांनी केली होती, ती मी चार दिवसांत उरकू पाहत होतो. दोन वर्षांनी पुन्हा तीच जबाबदारी मिळाली तेव्हा मी बचावफळीतले तीन खेळाडू मुद्दाम एकाच शाळेतून निवडले, सापळा सोडून दिला आणि त्यांना जे येत होते तेच खेळायला सांगितले. निवडीवर पक्षपाताची टीका झाली, परंतु त्या संघाने पहिल्या तीन सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही.

मोठ्या पातळीवरही हेच घडताना दिसते. फॅबियो कॅपेलो यांनी मिलानबरोबर 1994 ची चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात बार्सिलोनाला 4-0 असे हरवून जिंकली होती. इंग्लंडचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी 2010 च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत 10 पैकी नऊ सामने जिंकले, आणि प्रत्यक्ष स्पर्धेत तोच संघ अल्जीरियाविरुद्ध गोल करू शकला नाही व जर्मनीकडून 1-4 असा हरून परतला. हॅन्सी फ्लिक यांची कथा तर अधिक बोलकी आहे. बायर्नला त्यांनी सात करंडक मिळवून दिले, जर्मन राष्ट्रीय संघात योआखिम लोव्ह यांचे सहायक म्हणून आठ वर्षे काम केले होते, म्हणजे दोन्ही घरे त्यांना ओळखीची होती. तरीही 2022 च्या विश्वचषकात जर्मनी गटातच बाद झाला आणि सप्टेंबर 2023 मध्ये जपानकडून 1-4 अशा पराभवानंतर त्यांना काढून टाकण्यात आले. जर्मन राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला अशा रीतीने पदावरून दूर करण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यानंतर ते बार्सिलोनात गेले आणि पहिल्याच मोसमात त्यांनी स्पॅनिश लीग आणि कोपा डेल रे हा स्पेनचा करंडक जिंकला. मधल्या काळात फ्लिक यांची बुद्धी कोठे हरवली होती असे मला वाटत नाही. बार्सिलोनात त्यांना खेळाडू रोज सकाळी भेटत होते, एवढाच फरक आहे.

याचा अर्थ क्लबचा थोर प्रशिक्षक देशासाठी कधीच उपयोगी नसतो, असे मात्र नाही. चॅम्पियन्स लीग आणि विश्वचषक या दोन्हींवर प्रशिक्षक म्हणून नाव कोरणाऱ्या मार्सेलो लिप्पी आणि व्हिसेंटे डेल बॉस्क या दोघांकडे मी नेहमी आदराने पाहतो, कारण ते राष्ट्रीय संघात जाऊन वेगळे वागले. 2006 मध्ये लिप्पी यांच्या इटलीने सात सामन्यांत 12 गोल केले आणि ते 10 वेगवेगळ्या खेळाडूंनी केले. एका ताऱ्याभोवती किंवा एका घोटलेल्या चालीभोवती संघ न बांधता, त्या दिवशी ज्याचा पाय चांगला चालतो आहे त्याला त्यांनी खेळवले. डेल बॉस्क यांची गोष्ट आणखी वेगळी. 2010 मध्ये स्पेन पहिलाच सामना स्वित्झर्लंडकडून 0-1 असा हरला. मधल्या फळीत बुस्केट्स आणि अलोन्सो या दोघांना एकत्र खेळवल्याबद्दल त्यांच्यावर मायदेशात मोठी टीका झाली, तरी त्यांनी ती जोडी मोडली नाही. बाद फेरीतील चारही सामने स्पेनने 1-0 असेच जिंकले. अंतिम सामन्यात सुरुवातीपासून खेळलेल्या 11 जणांत पुयोल, पिके, बुस्केट्स, झावी, इनिएस्ता आणि पेड्रो हे सहा जण बार्सिलोनाचे होते. म्हणजे ग्वार्डिओला यांनी रोजच्या सरावातून जे घडवले होते, ते डेल बॉस्क यांनी आयते उचलले, आणि ते मोडण्याचा किंवा त्यावर स्वतःची सही उमटवण्याचा मोह त्यांनी टाळला. या संयमाला मी फार मोठे कौशल्य समजतो. अँटोनियो कॉन्टे यांनी युरो 2016 मध्ये बुफोन आणि त्याच्यापुढे बार्झाग्ली, बोनुची व किएलिनी हे युव्हेंटसचे चौघे जसेच्या तसे इटलीच्या गोलासमोर उभे केले आणि मधल्या फळीत फारसे नामवंत खेळाडू नसतानाही स्पेनला 2-0 असे हरवले. तालीम क्लबची आणि प्रयोग देशाचा, असे ते गणित होते.

दुसरीकडे, 2022 चा विश्वचषक जिंकणारे लिओनेल स्कालोनी यांनी त्यापूर्वी कोणत्याही मोठ्या क्लबच्या मुख्य संघाची धुरा सांभाळलेली नव्हती आणि युरो 2024 जिंकणारे लुइस दे ला फुएन्ते हे स्पेनच्या 19 आणि 21 वर्षांखालील संघांबरोबर वर्षानुवर्षे राबलेले होते. संघातले अनेक खेळाडू त्यांनी मिसरूड फुटण्याच्या वयापासून पाहिलेले होते. 1930 ते 2022 या काळातील 22 विश्वचषकांपैकी एकही परदेशी प्रशिक्षकाने जिंकलेला नाही, ही गोष्टही आठवणीत ठेवण्यासारखी आहे, जरी तिच्यावर मी फार भार देणार नाही, कारण जिंकणारे देश मुळातच मोजके आहेत आणि त्यांच्या घरी प्रशिक्षकांची वाण नाही.

ब्राझीलने मे 2025 मध्ये कार्लो अँचेलॉटी यांची नेमणूक केली तेव्हा माझ्या परिचयातील अनेकांनी मला विचारले की माझे म्हणणे आता खोटे पडणार काय. मला उलट ही नेमणूक समजूतदार वाटते. अँचेलॉटी यांनी पाच चॅम्पियन्स लीग आणि पाच देशांतील लीग जिंकल्या आहेत, परंतु माझ्या दृष्टीने त्यांचा खरा गुण असा की ते हाती असलेल्या खेळाडूंना पाहून पद्धत ठरवतात. मिलानमध्ये पिर्लोला बचावफळीच्या पुढ्यात उभे करून संघाची सूत्रे त्याच्याकडे देणारे तेच होते. असा माणूस चार दिवसांतही काहीतरी उभे करू शकतो. 1994 च्या विश्वचषकात ते आरिगो साक्की यांचे सहायक होते, तेव्हा राष्ट्रीय संघाच्या अडचणी त्यांनी जवळून पाहिलेल्या आहेत. ब्राझील पात्रता फेरीत पाचव्या स्थानावर राहिला यात त्यांच्या आधीच्या पडझडीचा वाटा मोठा आहे. इंग्लंडचे थॉमस टुकेल यांच्याविषयी मी सावध आहे. त्यांच्या संघाने 2026 च्या पात्रता फेरीत आठही सामने जिंकले आणि एकही गोल खाल्ला नाही. परंतु कॅपेलो यांची पात्रता फेरी मी वर सांगितलीच आहे.

आता आपल्या घराकडे वळतो. मानोलो मार्केझ यांनी 2021-22 मध्ये हैदराबाद एफसीला इंडियन सुपर लीग जिंकून दिली होती. 2024-25 च्या मोसमात ते एकाच वेळी एफसी गोवा आणि भारत या दोन्ही संघांचे प्रशिक्षक होते. त्या मोसमात गोव्याचा संघ लीगमध्ये दुसरा आला आणि त्याने सुपर कप जिंकला. त्याच काळात भारताने त्यांच्या हाताखाली आठ सामने खेळले, त्यांतला एकच जिंकला, तोही मालदीवविरुद्ध. प्रशिक्षक एकच, वर्ष एकच, खेळाडूही त्याच लीगमधले, आणि निकालांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर. दोन डगरींवर हात ठेवायला लावण्याचा निर्णय महासंघाचा होता आणि तो चुकीचाच होता, परंतु ते सोडून दिले तरी क्लब आणि राष्ट्रीय संघ ही दोन वेगळी कामे आहेत याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला दुसरीकडे सापडलेला नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये खालिद जमील यांना हे पद मिळाले तेव्हा मला मनापासून आनंद झाला. मुंबईच्या मैदानांवर त्यांना महिंद्र युनायटेडकडून खेळताना आणि मुंबई एफसीला शिकवताना अनेकांनी पाहिले आहे. परंतु माझा आनंद केवळ आपल्या शहराच्या अभिमानापोटी नव्हता. 2016-17 मध्ये त्यांनी ऐझॉल एफसीला आय-लीग जिंकून दिली, तेव्हा त्या क्लबकडे ना पैसा होता ना नामांकित खेळाडू. जे आहे त्यातून संघ उभा करणे हेच राष्ट्रीय प्रशिक्षकाचे काम असते, आणि त्या कामाची परीक्षा त्यांनी आधीच दिलेली होती. मध्य आशियाई महासंघाच्या काफा नेशन्स कपमध्ये त्यांच्या संघाने ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून तिसरे स्थान मिळवले. त्या स्पर्धेचा काही भाग फिफाच्या तारखांबाहेर असल्यामुळे सर्व खेळाडू मिळालेले नसताना हे घडले. पुढे ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून 1-2 असा पराभव झाला, 2027 च्या आशियाई चषकाची आपली वाट बंद झाली आणि नोव्हेंबरात ढाका घडले. या पराभवांचे समर्थन मी करणार नाही. परंतु त्यांच्या जागी कोणी नामांकित युरोपीय गृहस्थ असते तरी त्यांच्यापुढे तेच दिवस, तेच खेळाडू आणि गोल करणाऱ्यांची तीच टंचाई असती. निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला चाळिशी उलटल्यावर पुन्हा बोलवावे लागले, यातच सारे आले.

तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल की या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशाने एकदा स्वतःच शोधले होते. सय्यद अब्दुल रहीम हे एकाच वेळी हैदराबाद सिटी पोलीस या क्लबचे आणि भारताचेही प्रशिक्षक होते. त्यांच्या पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे आमच्या कूपरेजवर रोव्हर्स कप जिंकला. माझे वडील त्या संघाच्या छोट्या, जमिनीलगतच्या पासेसचे वर्णन करताना टेबलावर काड्यापेटीच्या काड्या मांडून दाखवत. ज्या खेळाडूंना रहीम हैदराबादमध्ये रोज शिकवत, त्यांतले अनेक जण भारताकडूनही खेळले, त्यामुळे राष्ट्रीय संघ जमला तरी तालीम शून्यापासून सुरू होत नसे. 1951 आणि 1962 ची आशियाई सुवर्णपदके आणि 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकची उपांत्य फेरी ही त्याची फळे होती. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा आपल्या मुंबईचा. रहीम यांनाही दोन संघ सांभाळावे लागले आणि मार्केझ यांनाही, मग एकाला साधले ते दुसऱ्याला का साधले नाही, असे कोणी विचारील. काळ वेगळा होता हे खरेच आहे. परंतु रहीम यांचा क्लब हा राष्ट्रीय संघाचा गाभा होता, आणि मार्केझ यांच्या वेळी भारतीय संघ अनेक क्लबांतून दर वेळी नव्याने गोळा होत असे.

म्हणून माझी विनंती महासंघाला आहे आणि आपल्या दैनिकालाही आहे. महासंघाने परदेशी नावांच्या मागे धावण्याआधी लीगच्या क्लबांबरोबर बसून, फिफाच्या तारखांव्यतिरिक्त वर्षातून निदान दोन शिबिरांसाठी खेळाडू सोडण्याचा लेखी करार करावा. एका-दोन क्लबांच्या बचावफळी किंवा मधल्या फळी आहेत तशाच उचलण्याची मुभा प्रशिक्षकाला असावी आणि त्यावरून प्रांतवादाची ओरड झाली तर महासंघाने त्याच्या पाठीशी उभे राहावे. आणि यापुढे राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या नेमणुकीची बातमी आपण छापाल तेव्हा त्याने पूर्वी जिंकलेल्या करंडकांबरोबरच, पहिल्या वर्षात त्याला खेळाडूंसोबत सरावाचे एकूण किती दिवस मिळणार आहेत, तो आकडाही महासंघाकडून मागून घेऊन छापावा.

आपला विश्वासू,
शालेय फुटबॉलचा एक निवृत्त प्रशिक्षक,
माहीम, मुंबई